भरलेली बॅटरी

काल वर्तमानपत्रासाठी सौर वादळाची बातमी तपासली. सूर्यावर भडका उडाला की दिवसा दूरच्या केंद्रांचे आवाज रेडिओवरून नाहीसे होतात आणि बहुधा तासाभरात परततात, असे तिच्यात होते. वाचताना बॅटरीतल्या आम्लाचा वास आठवला.

महायुद्ध चालू होते. म्हसवडजवळच्या आमच्या गावात शाळेतला, बॅटरीवर चालणारा एकच रेडिओ होता आणि मी तिथे मास्तर होतो. कैदेतल्या शिपायांची नावे त्यावर दूरच्या एका केंद्रावरून दुपारभर वाचली जात. गावातल्या यसूबाईंचा मुलगा दत्तू लढाईत बेपत्ता होता. त्या दुपारी सातारा जिल्ह्याची नावे सुरू झाली आणि आवाज विरून गेला.

"आवं मास्तर, कान पिळा की त्येचा!"

"बॅटरी उतरली, यसूबाई. साताऱ्याहून भरून आणतो."

"बिगीबिगी या. दत्तूचं नाव यायचं हाय."

दिवसाची एकच मोटार सुटत होती. बॅटरी काढून मी ती गाठली. साताऱ्याचा दुकानदार म्हणाला, "मास्तर, ही तर भरलेलीच हाय."

परतलो तेव्हा यादी संपली होती. दत्तू आला नाही. यसूबाई मरेपर्यंत बॅटरीला शिव्या देत राहिल्या. दुकानदाराचे शब्द मी त्यांना कधी सांगितले नाहीत.

तो तासभर मी थांबलो नाही.