बाकावरची मिनिटं

माझ्या मुलीच्या फुटबॉल कोचची हातातोंडाशी आलेली नोकरी मी घालवली. एका ईमेलने. ईमेल उत्तम होता, एवढं मी आजही म्हणेन.

तो कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावरचा. अठराव्या वर्षी एका डच क्लबने त्याला उचलून आणलं, चार हंगाम पळवलं आणि गुडघा गेल्यावर वाऱ्यावर सोडलं. आम्हाला भेटला तेव्हा चाळिशीचा होता. आठवडाभर अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ, बाडहूव्हडॉर्पच्या गोदामात विमानांचा माल चढवायचा आणि शनिवारी आमच्या गावी, आल्मेरेत, आमच्या मुलींना फुकट शिकवायचा. कोचिंगच्या परीक्षा त्याने नोकरी सांभाळून दिल्या होत्या. त्या उन्हाळ्यात क्लब त्याला पगारी मुख्य कोच करणार होता. "मग गोदाम सुटेल," असं कॅन्टीनमध्ये म्हणताना तो गुडघा चोळत होता.

माझी मुलगी मात्र दिवाळीपासून बाकावर. शेवटची पाच मिनिटं आत जायची, आणि तेवढ्यात मी कडेला उभी राहून गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचे, "अगं पळ! झोपलीस का?" ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज असला की शनिवारी मला जमायचं नाही, मैत्रिणीची आई तिला न्यायची. "आज तरी घेतलं का?" विचारलं की ती खांदे उडवायची.

मी पुण्याची, टेस्टिंगची लीड. चूक दिसली की तिचा तक्ता करायचा आणि वरच्याला पाठवायचा, हे हाडीमाशी खिळलेलं. इथले डच लोक सरळ तोंडावर विचारतात. तो माझ्यापासून चार पावलांवर उभा असायचा, पण मला ते सुचलंही नाही. मी डोळ्यांनी पाहिलेली प्रत्येक मॅच तक्त्यात मांडली, क्लबच्या मंडळाला पाठवली आणि सीसीत चार देशी पालक घातले. तो आपल्या बेटाकडच्या मुलींना झुकतं माप देतो, असंही हळूच सुचवलं. पुरावा नव्हता. लागलाही नाही.

मंडळाने त्याला कारण विचारलं. ते खेळाडूचं खासगी आहे, सांगणार नाही, एवढंच तो म्हणाला. पद दुसऱ्याला गेलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी तो हात मिळवायला आला. "तू मला विचारायला हवं होतंस," तो इंग्रजीत म्हणाला. "मी सांगितलं नसतं. तरी विचारायला हवं होतंस."

सायकलवरून घरी येताना मी मुलीला म्हटलं, "आता नवा कोच तुला पूर्ण मॅच खेळवेल."

"आय आस्क्ड हिम, आई," ती समोर बघतच म्हणाली.

"काय विचारलंस?"

"तू असशील तेव्हा मला शेवटची पाच मिनिटंच घे म्हणून. यू शाउट. सगळ्या हसतात. तू नसलीस की मी फुल मॅच खेळते."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू मेल पाठवलास ते आजच कळलं. त्याने प्रॉमिस केलं होतं, कुणाला सांगणार नाही म्हणून."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर तक्रारही चोरानेच लिहिली होती. घरी येऊन मी तो तक्ता उघडला. माझ्या गैरहजेरीचे सहा शनिवार त्यात नव्हतेच. "गोल किती केलेस तेव्हा?" मी विचारलं.

तिने फुटबॉलचे बूट काढून कचऱ्याच्या पिशवीत टाकले आणि पिशवीला गाठ मारली.