तांदळात लिहिलेलं नाव

बायचं नाव रेशनकार्डावरून पहिल्यांदा कमी केलं ते आमच्या बाबांनीच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. तिच्या लग्नाला आठ दिवस झाले नाहीत तोवर हा माणूस धुवट सदरा घालून, तरीतून खाडी ओलांडून तालुक्याच्या कचेरीत गेला आणि मुलगी सासरी गेली, तिचं नाव काढा, असं सांगून आला. वाडीतल्या लोकांनी कपाळाला हात लावला. लग्न होऊन पाच-पाच वर्षं झालेल्या मुलींची नावं घरोघरच्या कार्डांवर सुखाने नांदत होती. एक नाव म्हणजे एक युनिट, आणि युनिट म्हणजे आठवड्याचे तेवढे तांदूळ. ते कोण सोडतो? आमच्या बाबांनी सोडले. ती आता तिकडे जेवते, मग इकडे तिच्या नावाचं आपण कसं खायचं, असं त्यांचं म्हणणं. आई चार दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. मला मात्र बाबांचा फार अभिमान वाटला. मी तेरा वर्षांची होते, आणि त्या वयात असल्या गोष्टींचा अभिमान वाटतो.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच. घरची चार कुणग्यांची शेती, भात शिमग्यापर्यंत कसंबसं पुरायचं आणि पुढे नवीन भात येईस्तोवर सगळी भिस्त रेशनवर. पासष्टनंतरची ती वर्षं ज्यांनी काढली त्यांच्यापुढे नुसतं मिलो म्हणून बघा, तोंड वाकडं करतील. परदेशातून यायचा तो तांबडा जोंधळा. आम्ही भात खाणारी माणसं. आम्हाला त्याची भाकरी थापता येईना, आणि थापली तर ती गिळता येईना. तांदूळ मिळायचे ते माणशी मोजून, आणि तेही दुकानात माल आला तर.

बायचं सासर विजयदुर्गाकडे. लग्नानंतर मी तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून गेले होते. तिथे संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले आणि तिच्या नवऱ्याने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं. सगळे वाकून वाकून वाचत होते. बायनेही वाचलं आणि ती हसली. मला ते नाव मुळीच आवडलं नाही, कुणा परक्या बाईचं वाटलं. वाचून झाल्यावर सासूने ताट उचललं आणि ते तांदूळ परत डब्यात ओतले. दिवसच तसे होते, तांदूळ वाया घालवणार कोण? पुढच्या महिन्यात त्यांच्या कार्डावर बायचं ते नवं नाव चढलं.

दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. बारावं-तेरावं झालं, महिना गेला, तरी सासरच्या कुणी तिला माहेरी पाठवण्याचं नाव काढलं नाही, म्हणून बाबाच जाऊन तिला घेऊन आले. तिचं ते उघडं कपाळ बघून आईने पदर तोंडाला लावला तो दुपारपर्यंत काढलाच नाही. मी तिच्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत दोन लुगडी होती, बाकी काही नव्हतं.

आता घरात माणसं चार आणि कार्डावर नावं तीन. बाबा पुन्हा धुवट सदरा घालून कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग आम्ही घालू. बाबा विजयदुर्गाकडे गेले. सासू म्हणाली, सून आमची, आज ना उद्या येतली, नाव कशाक काढायचा? म्हणजे सून नको होती, सुनेचं युनिट हवं होतं. मी त्या बाईला इतक्या शिव्या घातल्या की आईने मला चुलीपुढून उठवलं. मेली माणसं, हातापायाने धडधाकट, आणि माझ्या बहिणीच्या तोंडचे तांदूळ खातात! मला तर तेव्हा त्यांचं तोंड बघू नये असं वाटायचं.

बाबांनी हेलपाटे घातले. किती घातले त्याचा हिशोब नाही. एकदा ते मलाही घेऊन गेले, कारण तांदळात नाव लिहिलं तेव्हा आमच्याकडची मी एकटीच तिथे होते. बाबांना भोळी आशा, की पोरीने सांगितलं तर साहेब ऐकेल. दुपार होईपर्यंत आम्ही व्हरांड्यात उभं राहिलो. मग कारकुनाने कागद पुढे ओढले. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता.

"हे बघा," तो म्हणाला, "तुमच्या कार्डावरून कमी झाली ती एक बाई. तिकडच्या कार्डावर आहे ती दुसरी. नावं वेगळी, आडनावं वेगळी. मग तुमच्या घरात राहते ती कोण, तिसरी?"

बाबा कचेरीतलं शुद्ध बोलायला गेले की अडखळायचे. "साहेब, एकच मुलगी आहे ती. नाव तेवढं बदललं."

"बदलल्याचा कागद?"

"कागद नाही, साहेब. तांदळात लिहिलं होतं."

शेजारच्या टेबलावरचा एक जण हसला. आमचा कारकून हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग त्याने बाबांना एक वाट सांगितली. गावातल्या दोन पंचांच्या सह्यांनी अर्ज करा, की ह्या दोन नावांची बाई एकच. आम्ही तो कागद तिकडच्या तालुक्याला पाठवू, ते तिथलं नाव परस्पर काढतील, तसं आम्हाला कळवतील, मग इथे घालू. वेळ लागेल, पण होईल. बाबांनी त्याला दोनदा हात जोडले. तरीत बसल्यावर ते खुशीत मला म्हणाले, की बघ, तुझ्यामुळे काम झालं.

अर्ज गेला आणि आम्ही वाट बघत बसलो. मृग गेला, लावणी झाली, श्रावण आला. घरातले तांदूळ तिघांचे आणि खाणारे चौघे. आई वाढताना सारखंच वाढायची, पण बाय सगळ्यांच्या मागून बसायची आणि पेजेचं वरचं पाणी घ्यायची. खालची शितं माझ्या वाडग्यात यायची. मला ते कळत होतं. कळत नव्हतं असं आज म्हणायला मला आवडेल, पण खोटं कशाला बोलू? मी ती शितं खात होते. ती दिवसभर राबायची, पाणी भरायची, गुरांकडे बघायची, वाकून वाकून तण काढायची, आणि कुणी जेवायला हाक मारली की आधी दुसरं काहीतरी काम काढायची. आपल्याच घरात ती पाहुण्यासारखी वागायला लागली होती.

श्रावण सरता सरता तिला ताप आला. दोन दिवस ती उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी आईने सकाळी मळ्यावर जाताना तिला बजावलं, की मडक्यातली पेज आहे ती पी, उगाच ठेवू नको. बायने ऐकलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने पोटभर खाल्लं असेल.

मी शाळेतून भिजून आले. पोटात कावळे ओरडत होते. चुलीपाशी गेले, झाकण काढलं, तर मडकं रिकामं. बाय दाराशी बसली होती, अंगाभोवती लुगडं घट्ट लपेटून. ती म्हणाली, थांब, तुका भाकरी भाजतंय. भाकरी म्हणजे मिलोचीच. जळ्ळं माझं ते तोंड. माझा राग नाकावर असायचा, आजही असतो, पण त्या दिवशी तो कुठून कुठे गेला देव जाणे.

मी म्हटलं, "तुझा नाव खंय आसा गो कार्डार?"

तुझं नाव कार्डावर आहे कुठे, एवढंच. ती भिंतीला धरून उठली, मडकं उचललं, मागच्या दारी गेली आणि ते घासून आणून पालथं घातलं. मग माझ्यासाठी भाकरी केली. मी ती रागारागाने अर्धी खाल्ली, अर्धी तशीच टाकली. संध्याकाळी आई आली तेव्हा मला वाटलं, आता ही सांगणार. तिने सांगितलं नाही. नंतर मी तिच्या आजूबाजूला दोनदा घुटमळले, पण चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

तीन दिवसांनी तिने पिशवी भरली. चतुर्थी आलीय, सासरच्या गणपतीला कामाला माणूस नको का, असं निमित्त काढलं. आईला पटेना. ती म्हणाली, अजून अंगात ताप आसा, आणि नाव आज-उद्या येतलाच मगे कित्याक जातंस? बायने लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाली, "आये, माझा नाव थंय आसा. मी थंय खातलंय."

हे बोलताना ती आईकडे बघत होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, माझ्याकडे तिने बघितलं नाही. बाबा तिला एसटीपर्यंत सोडून आले.

दसऱ्याच्या सुमारास बाबा कचेरीतून आले ते खळ्यातूनच हाक मारत. "बायचा नाव इला गो," असं ते आईला सांगत होते, हात ओले असतील म्हणून कार्ड तिला लांबूनच दाखवत होते. चौथ्या ओळीवर निळ्या शाईत बायचं सासरचं नाव, पुढे माहेरचं. इतक्या दिवसांत मी बाबांना असं हसताना बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कार्ड खिशात घालून तिला आणायला गेले. आईने घर सारवलं. मी तिच्यासाठी चटई झटकली, आणि ती आल्यावर काय बोलायचं ते मनात घोकत बसले.

बाबा तिसऱ्या दिवशी आले, एकटेच. पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. विचारून विचारून हळूहळू कळलं ते असं. आमच्या अर्जावरून तिकडच्या कचेरीने बायचं नाव तिथल्या कार्डावरून कापलं होतं, ते गणपतीतच. म्हणजे नाव आहे म्हणून ती जिथे गेली, तिथून ती पोचल्यावर चार दिवसांत नाव गेलं. सासू म्हणाली, तुझ्या बापाशीनच कापून घेतल्यान ना, मगे आता बापाशीनच घालूचा. तिचं ताट बंद झालं. बाय शेजारपाजारी भात कांडायला जात होती आणि त्याच्या बदल्यात कण्या मिळत होत्या, त्यावर ती राहत होती. बाबांनी तिला कार्ड दाखवलं. तिने ते हातात घेऊन आपलं नाव वाचलं आणि परत दिलं. बाबांनी हात धरला, तरी ती येईना. हंय बरी आसंय, एवढंच म्हणत राहिली.

"तिचा नाव मीच कापलंय," बाबा आईला म्हणाले. "दोन्ही खेपेक मीच." आणि ते रडायला लागले. मोठा माणूस रडताना मी तोवर बघितला नव्हता.

मग त्यांना आठवण झाली आणि त्यांनी पिशवीतून एक पुरचुंडी काढली. लुगड्याच्या जुन्या तुकड्यात बांधलेल्या कण्या होत्या, एका मडक्यापुरत्या. बायने निघताना त्यांच्या हातात दिल्या होत्या आणि माझ्यासाठी म्हणून सांगितलं होतं, "ह्येची चेडवाक पेज करून घाला."

बाबा म्हणाले, बघ गो, स्वतः उपाशी आसा, तरी बहिणीची किती माया. आईने डोळे पुसत त्याच कण्या चुलीवर ठेवल्या. ती पेज कशाची हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. वाडगा माझ्यापुढे आला, आणि दोघंही माझ्याकडे बघत होते, म्हणून मी ती सगळी प्याले.

तिने ती माझ्या मायेने पाठवली की त्या दिवशी प्यालेली माझी पेज परत केली, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. बाय परत कधी राहायला आली नाही. पाच वर्षांनी तिकडेच वारली. तोवर दर आठवड्याला तिच्या नावाचे तांदूळ आमच्या घरी येत होते आणि आम्ही ते खात होतो. तिच्या सासूला मी ज्याबद्दल शिव्या घातल्या तेच आम्ही केलं. बाबांनी ते नाव काही काढलं नाही. उद्या ती आली तर, असं म्हणायचे. आणि ती का येत नाही असं कुणी विचारलं, की सांगायचे, मी तिचं नाव दोनदा कापलं ना, म्हणून रुसली. मरेपर्यंत त्यांनी तो दोष स्वतःकडे घेतला. मी समोर असायचे, आणि मी त्यांना तो घेऊ दिला.