दुनळीतली शेंडी

आत्याच्या घरात शिरायचं तर आधी ब्रशांना वाट विचारावी लागते. दारात बाटल्यांचे ब्रश झुंबरासारखे लटकलेले, खिडकीत पाइप साफ करायचे लांबलचक ब्रश वाळत घातलेले, आणि सोफ्यावर बसायला गेलं की खालून काहीतरी टोचणार हे ठरलेलं. जेवताना ताटात केस सापडला तर या घरात कुणी 'शी' म्हणत नाही. उलट उजेडात धरून विचारतात, "घोड्याचा आहे की नायलॉनचा?"

मधल्या खोलीत आत्याचं यंत्र. यंत्र म्हणजे काय, एका टोकाला फिरणारा आकडा आणि त्याला मूठ. दोन तारा शेजारी शेजारी ताणायच्या, त्यांच्यामध्ये केस सारखे पसरायचे आणि मूठ फिरवायची. तारांना पीळ बसला की केस गर्रकन फुलतात आणि हातात ब्रश येतो. केस पसरायचं काम आत्याचं, मूठ फिरवायचं काम आतोबांचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यंत्रापाशी त्या दोघांचं संभाषण काही वाढलं नाही.

"फिरवू?"

"फिरवा."

गल्लीतली पोरं आतोबांना 'फिरवूआतोबा' म्हणतात. आतोबांना त्याचं काही नाही. विचारल्याशिवाय फिरवायचं नाही, हा त्यांच्या सुखी संसाराचा पायाच आहे.

पण आत्याचं खरं नाव झालं ते शेंडीमुळे. ब्रशाच्या अगदी टोकाला ती जाड, लालभडक केसांचा झुबका लावते. तीच शेंडी. "बाटलीला तळ असतो," हे आत्याचं जीवनाचं सार. "कडेच्या भिंती कुणीही घासेल हो. घाण बसते तळाला! तिथे शेंडीच पोचते." एखाद्या दुकानदाराने शेंडी जरा पातळ करा, माल स्वस्त पडेल, असं सुचवलं की आत्या त्याला दारातूनच परत पाठवायची. "शेंडी मी ब्रशाला लावते, गिऱ्हाइकाला नाही!"

आत्याचा धाकटा भाऊ बंदुका दुरुस्त करतो. शहराबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर तो म्हणजे शेवटचा शब्द. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. एकटी आत्या म्हणते गुंड्या, कारण तान्हेपणी तो गुंडीसारखा गोल होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

बंदुकीची नळी आतून साफ करणं हे गुंड्याच्या लेखी देवाघरचं काम. त्यासाठी त्याच्याकडे पितळेचा गज. तीन तुकड्यांचा, एकात एक पिळून बसणारा, टोकाला ब्रश किंवा चिंदी लावायची सोय असलेला. साफ झालेली नळी डोळ्याशी धरून तो उजेडाकडे बघायचा आणि म्हणायचा, "आरसा पाहिजे ताई, आरसा! आत कंगवा घेऊन भांग पाडता आला पाहिजे."

स्वतःच्या डोक्यावर भांग पाडण्याजोगं काही उरलं नसल्याने ही हौस तो नळीत भागवत असावा.

एकदा बोलता बोलता तो म्हणून गेला की लष्करात गजाऐवजी दोरी वापरतात. दोरीच्या एका टोकाला वजन, ते नळीत सोडायचं, पलीकडून निघालं की ओढायचं. मागून चिंदी येते आणि नळी पुसून निघते. झालं! आत्याच्या डोक्यात दिवा पेटला. चिंदीच्या पुढे ब्रशच का नको? घासणंही त्याच ओढीत, पुसणंही त्याच ओढीत! तिने पितळी तारेच्या केसांचा ब्रश वळला, पुढे चिवट दोरी बांधली, दोरीला वजन लावलं आणि घरी पाण्याच्या पाइपातून ओढून पाहिलं. सुळ्ळकन गेला. आतोबांनीसुद्धा 'वा' म्हटलं, आणि तेही न विचारता.

गुंड्याने मात्र दोरी हातातसुद्धा धरली नाही. "दोरीने गुरं बांधतात, ताई. तू बाटल्या सांभाळ, मी बंदुका सांभाळतो."

"एकदा घालून तर बघ."

"ठोच्या दुनळीत? वेडी आहेस का!"

ठो म्हणजे गुंड्याची मुलगी. बापाच्या दुकानात रांगत मोठी झालेली. इतर मुलं 'आई', 'बाबा' म्हणायला शिकतात तेव्हा ही पहिला शब्द बोलली तो 'ठो'. आता ती दुनळी बंदुकीने हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडते, आणि अशा फोडते की तबकडीला आपण कधी होतो की नव्हतो असं वाटावं. मग तिच्या निवडीच्या शेवटच्या फेरीचा दिवस उजाडला. जिंकली तर संघात जागा. ही एक फेरी. हुकली तर वर्षभर पुन्हा वाट बघायची.

सगळं घर मैदानावर लोटलं होतं. आत्याने पर्समध्ये दोरी घेतली होती. "सहज," असं तिने आतोबांना सांगितलं. आतोबांनी मान डोलावली. आत्याचं 'सहज' किती सहज असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ठो बाकावरून उठली. दुनळी रिकामी, मधून मोडून हातावर टाकलेली, नळ्यांची तोंडं जमिनीकडे. सगळं अगदी नियमाप्रमाणे. पण पाण्याच्या नळापाशी गवत ओलं होतं. पाय सटकला, तोल गेला, आणि स्वतःला सावरताना दुनळीची दोन्ही तोंडं खच्चकन चिखलात!

"मला काही झालं नाही!" ठो ओरडली.

"तुला कोण विचारतंय? नळी! नळी बघू!" बाप धावला.

दोन्ही नळ्यांत चिखल. गुंड्याचा चेहरा उतरला. चिखल अडकलेल्या नळीतून बार काढला तर नळी केळ्याच्या सालीसारखी फाटते, हे तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पदरचा चहा पाजून सांगत आला होता. त्याने पेटी उघडली. गजाचा पहिला तुकडा निघाला. तिसरा निघाला. मधला नाही.

"दुकानात," तो पुटपुटला. "आटे साफ करायला शेगड्याच्या जबड्यात आवळला होता... तिथेच राहिला."

"मग दुसऱ्याचा घ्या ना!" ठो म्हणाली.

पण दुसऱ्याचा आणायचा कुठून? गुंड्यानेच वर्षानुवर्षं सगळ्यांना छाती पुढे काढून सांगितलं होतं, 'गजबिज घेऊन येऊ नका रे, उस्ताद आहे ना!' सगळ्यांनी त्याचं ऐकलं होतं. माणसाचं ऐकलं जाऊ नये ते नेमकं ऐकलं जातं.

तोंडाशी बसलेले चिखलाचे गोळे त्याने कुंपणाच्या काटकीने उकरून काढले. पण आत लांबवर चिखल फासलेलाच. तेवढ्यात कर्ण्यातून ठोचा पहिला पुकारा झाला. तिसऱ्या पुकाऱ्याला रेषेवर उभा नसेल तो बाद, हा नियम होता.

आत्याने पर्स उघडली.

"ताई, आत्ता नको!"

"मग केव्हा? तिसरा पुकारा झाल्यावर? सर बाजूला, गुंड्या. शेंडी तुटो की पारंबी तुटो, ही दोरी आज नळीत जाणार!"

ठोने क्षणभर बापाकडे पाहिलं, क्षणभर आत्याकडे, आणि दुनळीच्या नळ्या काढून बाकावर टेकलेल्या आत्याच्या मांडीवर ठेवल्या. आत्याने मागच्या बाजूने, काडतूस बसतं तिथून, वजन सोडलं. टुण्! पुढच्या तोंडातून ते बाहेर डोकावलं. आतोबांनी दोरी मनगटाला गुंडाळली.

"ओढू?"

"ओढा!"

खस्स करून ब्रश आत शिरला, पुढे सरकला, आणि थांबला. आतोबांनी आणखी जोर लावला. दोरी कुरकुरली.

"थांबा, थांबा! दोरी तुटली तर संपलंच!" गुंड्याने खाली वाकून नळीच्या मागच्या तोंडात डोळा घातला. आत सगळं लालच लाल. "ताई... हे काय आहे?"

"शेंडी."

"शेंडी कशाला?"

"तळ घासायला," आत्या सवयीने म्हणाली.

"कुठला तळ?"

आत्याने नळीच्या एका तोंडाकडे पाहिलं, मग दुसऱ्या तोंडाकडे.

"अगं आत्या," ठो म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "नळीला तळ असता तर गोळी कुठून गेली असती?"

आयुष्यभर बाटल्यांचे ब्रश केलेला हात. दोन्हीकडून उघड्या नळीचा ब्रश वळतानाही टोकाशी आल्यावर त्याने शेंडी लावलीच होती. घरच्या पाइपाला ती चालून गेली, कारण पाइप मोकळाढाकळा. बंदुकीची नळी मात्र काडतुसाच्या जागी जरा रुंद आणि पुढे अरुंद. ब्रश पुढे गेला आणि लाल शेंडी मागे, बसच्या दारात अडकलेल्या लठ्ठ माणसासारखी, ना आत ना बाहेर.

दुसरा पुकारा झाला.

शेजारच्या एका नेमबाजाने छत्री पुढे केली. "हिच्या टोकाने उलटं ढकला की!"

"लोखंड? नळीत?" गुंड्याने असं पाहिलं की त्या बिचाऱ्याने छत्री तिथेच उघडली आणि तिच्याआड गेला. "आणि उलटं ढकलायचं नाही! केस मागे वाकलेत. उलट गेले की काट्यासारखे रुततील."

पुढे जात नाही, मागे आणता येत नाही. गुंड्याने डोकं धरलं. ठो जमिनीकडे बघत बुटाच्या टोकाने चिखल उकरत होती. आतोबा दोरी ताणून उभे, हुकमाची वाट बघत.

आत्याने पर्समध्ये पुन्हा हात घातला. ब्रशाचे वाढीव केस छाटायची तिची कात्री, लांब, निमुळती, सारसाच्या चोचीसारखी. ती कधी घरी राहात नाही.

"ताई?" गुंड्या चमकून म्हणाला. "शेंडी?"

"नळीला धक्का लागणार नाही. तू नळी धर. हलवलीस तर कान उपटीन, उस्ताद असलास म्हणून काय झालं?"

आत्याने आजवर एका ब्रशाची शेंडी पातळ केली नव्हती, कापायची तर बातच सोडा. कात्रीचं टोक लाल केसांत गेलं. करकर. एक चिमूट बाहेर आली. पुन्हा करकर. बघता बघता तिच्या साडीवर लाल केसांचा ढीग पडायला लागला.

"आत्या, तूच म्हणाली होतीस हं," ठो कानाशी कुजबुजली. "शेंडी तुटो की पारंबी तुटो."

"बोलू नकोस गं, हात हलतो!" आत्या म्हणाली, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच.

शेवटची चिमूट निघाली. आत नुसती तारेची बारीक कडी उरली. आतोबांनी खाकरून विचारलं,

"ओढू?"

"ओढा! ओढा! सगळा जोर लावून ओढा!"

फट्ट! ब्रश नळीतून असा सुटला की आतोबा थेट नळाजवळच्या चिखलात बसले. मांडीत काळाकुट्ट ब्रश, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बाळंतपणच पार पडलंय.

"दुसरी! दुसरी नळी!" ठो नाचत होती. दुसऱ्या नळीतून तर ब्रश सुळ्ळकन गेला. गुंड्याला एकदम काहीतरी सुचलं. त्याने खिशातली चिंदी काढली आणि जिथे शेंडी होती त्या रिकाम्या कडीत ओवली. "ताई, ही कडी म्हणजे... अगं, ही चिंदीचीच जागा आहे!" दोन्ही नळ्यांतून चिंदी ओढली गेली. गुंड्याने नळ्या उजेडाकडे धरल्या, आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"बोल की रे!" आत्या ओरडली.

"आरसा," गुंड्या म्हणाला. त्याने नळ्या ठोच्या हातात दिल्या. "भांग पाडता येईल."

तिसऱ्या पुकाऱ्याचं पहिलं अक्षर कर्ण्यातून निघालं तेव्हा ठो नळ्या चढवत पळत सुटली होती. दुसरं अक्षर आलं तेव्हा ती रेषेवर होती, धापा टाकत, केस विस्कटलेले, गुडघ्याला चिखल.

पुढे जे झालं ते आत्याने पाहिलंच नाही. तिने डोळे मिटून घेतले होते आणि आतोबांचा चिखलाने माखलेला हात घट्ट धरला होता. ती नुसती ऐकत होती. ठो. तबकडी फुटल्याचा ठिसूळ आवाज. ठो. पुन्हा तो आवाज. मध्ये एकदा नुसतंच ठो, मागून काहीच नाही, आणि आत्याने आतोबांची बोटं अशी आवळली की ते "अगं!" म्हणाले. मग पुन्हा ठो आणि ठिसूळ. शेवटच्या दोन तबकड्या उरल्या तेव्हा आतोबांनी दुसरा हातही तिच्या हातावर ठेवला. ठो, ठिसूळ. ठो...

ठिसूळ!

"गेली संघात! माझी पोर गेली संघात!" उस्तादांनी आत्याला उचलायचा प्रयत्न केला. दोघंही गोल, त्यामुळे नक्की कोण कुणाला उचलतंय हे बघणाऱ्यांना कळेना.

त्यानंतर मैदानावरचे नेमबाज आत्याच्या दारी यायला लागले, ब्रशांना वाट विचारत. प्रत्येकाला दोरी हवी होती. तो छत्रीवालासुद्धा आला. गुंड्याही आला, जरा मान खाली घालून.

"ताई, एक मलापण कर. बिनशेंडीची."

"बिनशेंडीची?" आत्याने भुवया वर केल्या. "माझ्या घरातून बिनशेंडीचं काही बाहेर जात नाही."

"अगं, पुन्हा अडकेल!"

आत्याने तयार दोरी त्याच्यासमोर धरली. ब्रशाच्या मागे चिंदीची कडी, अगदी मोकळी. पुढे दोरी, दोरीला वजन. आणि सोबत एक सुटी लाकडी मूठ, नळीतून वजन बाहेर आलं की दोरीला अडकवून ओढायची, आणि काम झाल्यावर खुंटीला टांगायची. त्या मुठीवर, नळीच्या वाऱ्यालाही न उभी राहणारी, जाड, लालभडक शेंडी.

"ही कशाला?" गुंड्याने विचारलं.

"हात पुसायला," आत्या म्हणाली आणि यंत्रावर दोन तारा ताणून केस पसरायला लागली.

मुठीपाशी आतोबा केव्हाचे तयार उभे होते.

"फिरवू?"