बटनं सोडा, पाव्हणं

आमच्या भावकीत कुणी पोटुशी असली की सातव्या महिन्याच्या आसपास मला फोन येतो. "ताई, बाळासाठी काय काय घेऊन ठेवू गं?" मी उलट विचारते, "घरात उबदार छातीचा बाप्या हाय का?" पलीकडं पोरगी खिदळते. तिला वाटतं मी फिरकी घेतेय. फिरकी कसली! लंगोट सांगीन, टोपडं सांगीन, पुढून उघडणारा गाऊन तर सांगीनच सांगीन, पण आधी नवऱ्याला फोन दे म्हणते. आमची लेक कशी वाढली ते त्याला ऐकवायचं असतं.

माझं माहेर कोल्हार आणि सासर कोपरगावच्या बाजूला. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत. मी आपली मोबाईलवर गाद्या, पाळणे, दुधाच्या बाटल्या बघत बसायचे, आणि आई मोबाईल हातातून काढून पालथा ठेवायची. "येऊ दे त्याला आदी सुखरूप. मग सगळं दुकान आन उचलून." मीही म्हटलं, घाई कसली, अजून दीड महिना आहे. कुठला दीड महिना! एके दिवशी सकाळीच पोटात कळ आली. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, शेजाऱ्याची गाडी काढली, आणि दिवस मावळायच्या आत नगरच्या दवाखान्यात सिझर होऊन मला मुलगी झालीसुद्धा. घरात तिच्यासाठी एक लंगोट नव्हता.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते काचेच्या पेटीत. वजन पावणेदोन किलोपेक्षाही कमी. बाजारात कोबीचा गड्डा त्याहून जड मिळतो. हातापायाची कातडी सैल, नाकात नळी. मी रडले नाही, मला राग आला. कुणावर आला ते अजूनही सांगता येत नाही, पण सणसणीत राग आला.

पुढं ती पेटीतून बाहेर निघाली, चमच्यानं दूध प्यायला लागली, तसं डॉक्टरांनी घरी सोडलं. सोडताना अट घातली. दर आठवड्याला दाखवायला आणायचं, आणि प्रत्येक वेळी वजन वाढलेलं दिसलं पाहिजे. वाढलं नाही तर परत पेटी. अडीच किलोची झाली की सुटलात. तिथल्या सिस्टरनं मला नीट समजावलं. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे घालायचे, आपल्या उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका अंगाला, नाक मोकळं, आणि वरून मऊ कापडानं बांधून घ्यायचं. दवाखान्यात त्याला कांगारू म्हणतात. "बाळ गार पडलं की त्याची सगळी ताकद ऊब धरण्यात जाती," सिस्टर म्हणाली. "ऊब तुमी द्या, मंग ताकद वजनात जाईल. जितका जास्त वेळ धराल तितकं चांगलं."

घरी आलो आणि वस्तूंचा नुसता पाऊस पडला. ज्या घरात लंगोट नव्हता तिथं आता पाय ठेवायला जागा उरेना. चुलत्यानं वॉकर आणला. जी पोर मान धरत नव्हती तिला वॉकर! मावशीनं झालरीचा फ्रॉक आणला, त्यात आमची लेक बुडून गेली असती. खुळखुळे, पावडरीचे डबे, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, गाणं म्हणणारं अस्वल. एक टोपी तिच्या डोक्यात घातली तर थेट गळ्यापर्यंत उतरली. शेवटी आईनं जुन्या पातळाचं मऊ कापड फाडून हातानं टोप्या शिवल्या, माझ्या मुठीएवढ्या. त्या टोप्या, लंगोटांचा ढीग, एक वाटी, एक चमचा, पाठीला टेकायला भक्कम उशी आणि पुढं बटणं असलेले दोन गाऊन. खरं सांगते, एवढ्यावर माझं सगळं भागत होतं.

भागत नव्हती ती मी. माझा टाका पिकला. ताप चढला की अंगात हुडहुडी भरायची, ताप उतरला की घामानं गाऊन भिजायचा. त्यात दिवस थंडीचे, आणि नदीकाठच्या गावातली थंडी काय असते ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मी पोरीला छातीशी बांधायचे आणि थोड्या वेळानं आई सोडवून घ्यायची, "तुझ्यानं न्हाई व्हायचं बाई, दे हिकडं." आईच्या छातीवर का नाही, असं तुम्ही म्हणाल. आईला दम्याचा जुना खोकला, डॉक्टरांनीच तिला पोरीला छातीशी धरायला मनाई केली होती. मग पोर गोधडीत. दादांनी हिटर आणला, तर हिटर लावला की लाईट जायची. माझा जीव टांगणीला लागलेला.

आणि या सगळ्यात पोरीचा बाप कुठं होता? पुढच्या खोलीत, खुर्चीवर! नवरा दोन दिवसांआड कोपरगावहून मोटारसायकलवर यायचा, येताना राहात्याचे पेरू घेऊन यायचा. बाळंतिणीला पेरू चालत नाहीत, म्हणून ते दादा खायचे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसानं शिरायचं नाही, आणि जावयानं तर नाहीच नाही, ही आमच्या घराची रीत. हा उंबऱ्याशी उभा राहून लांबून लेकीकडं बघायचा, चहा प्यायचा, आणि "येतो मग" म्हणून निघायचा. माणूस आडदांड, शेतात राबणारा, पण लाजरा इतका, की शर्टाचं गळ्याचं बटणही लावून बसायचा.

पहिल्या तपासणीला आम्ही सगळे गेलो. काट्यावर पोरीला ठेवलं. वजन वाढलं तर नव्हतंच, उलट थोडं उतरलं होतं. सिस्टरनं विचारलं, "छातीशी किती वेळ धरता?" मी टाक्याचं सांगितलं, तापाचं सांगितलं, आईच्या खोकल्याचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडं बोट केलं.

"आन् ह्यांना छाती न्हाई का?"

सिस्टर उठली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा हितं. बटनं सोडा, पाव्हणं."

आईनं पदर तोंडाला लावला आणि ती जवळजवळ पळतच बाहेर गेली. दादा भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचायला लागले. नवऱ्याचे कान लालबुंद झाले, पण त्यानं बटणं सोडली. सिस्टरनं पोरीला त्याच्या छातीवर ठेवलं, तिची मान वळवली, वरून कापड घट्ट बांधलं. हा दगडासारखा बसलेला. "श्वास घ्या की ओ!" सिस्टर ओरडली. "तुमी श्वास घेतला तर तिला श्वास घ्यायची आठवन ऱ्हाईल!" तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला. सकाळपासून किरकिरणारी पोर गप्प झाली, तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि ती झोपली. मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं, आणि हात अडकलेले म्हणून त्याला पुसता येत नव्हतं.

त्याच दिवशी तो आमच्याबरोबर कोल्हारला राहायला आला. तिकडं कोपरगावला कांद्याची लागण सुरू होती. त्याच्या भावाचा फोन, त्याच्या आईचा फोन, "आरं, सासरवाडीतच घर बांदतो का काय?" यानं एकदाच सांगितलं, "लागण दरसाल हाय," आणि फोन ठेवला. माझ्या नवऱ्याच्या तोंडून इतकं झणझणीत मी पहिल्यांदाच ऐकलं. मला इतका अभिमान वाटला की मी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

पण माझ्या आईची काय पंचाईत झाली म्हणता! जावई उघड्या छातीनं बाळंतिणीच्या खोलीत, आणि तोही दिवसभर. ती ताट घेऊन यायची, पडद्याबाहेर खोकायची, ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि पाठ फिरवून निघून जायची. जावयाशी बोलायचं झालं तर मला सांगायची, तो दोन हातांवर बसलेला असला तरी. "पाव्हण्यांना इचार, कालवण तिखट झालं का?" मी म्हणायचे, "तूच इचार की, ते काय बहिरे हायेत?" हा बिचारा पोरीला सांभाळत एका हातानं जेवायचा, भाकरीचा चुरा तिच्या टोपीवर सांडायचा. आई टोप्या धुवायची, पण खोलीत पाऊल टाकायची नाही.

गल्लीतल्या बायकांना तर पर्वणीच मिळाली. बाळंतिणीला बघायला म्हणून यायच्या आणि डोळे सगळे त्याच्यावर. सकाळी ऊन आलं की तो पोरीला बांधून, वरून शाल घेऊन ओट्यावर बसायचा, तेव्हा तर येणारी-जाणारी प्रत्येक जण थांबायची. "काय बाई, बाप्याला बाळंतीन केलं ह्यांनी!" एकीनं त्याला विचारलंच, "पाव्हणं, डिंकाचे लाडू देऊ का आनून?" हा शांतपणे म्हणाला, "द्या की. मेथीचे आसतील तर तेबी द्या." मी खिडकीतून ओरडले, "काकू, तुमच्या मालकांनी कधी धरलं हुतं का लेकराला?" काकू तरातरा निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं लाडू घेऊन आल्या, आणि चांगले तुपातले होते हो!

मी दूध पाजायचे, काही वाटीत काढून चमच्यानं भरवायचे, आणि पोर परत त्याच्याकडं. पुढच्या तपासणीला काटा हलला. थोडाच, पण वरच्या बाजूला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी थोडा. मला मात्र दिसत होतं की नवरा थकलाय. सलग बसून बसून पाठ आखडलेली, डोळे तारवटलेले. माझा टाका सुकत आला होता, पण अजून मला जास्त वेळ जमत नव्हतं. एक दिवस दुपारी तो बसल्या बसल्या डुलायला लागला. पोर बांधलेली, आणि हा कलंडतोय. मी हाक मारणार तेवढ्यात दादा आत आले. त्यांनी उंबऱ्यातच सदरा काढला, बंडी काढली, खुंटीला अडकवली.

"आना हिकडं," ते म्हणाले. "तुमी जरा आंग टाका."

आई पडद्याआडून म्हणाली, "आवो, काय हे! वयाची तरी लाज धरा."

"गप," दादा म्हणाले. "नात हाय माझी."

दादांनी मला कधी उचलून घेतल्याचं मला आठवत नाही. त्या काळी बापानं आपलं लेकरू चारचौघांत घेणं म्हणजे बाईलवेडेपणा. तेच दादा पांढऱ्या केसांच्या छातीवर माझी लेक घेऊन बसले, तिनं मुठीत दोन केस धरले, आणि ते दुखत असूनही हलले नाहीत. मी तोंड भिंतीकडं करून पोटभर रडले. सुखाचंच रडणं होतं, आणि थोडं माझ्या वाटणीचंही होतं.

मग आमची पाळी लागली. नवरा, दादा, आणि जसं जमेल तसं मी. पोर कुणाच्या ना कुणाच्या छातीवर असायची. गालाला गोलाई आली, सैल कातडी भरली, दूध पिताना आवाज यायला लागला. आईच्या शिवलेल्या टोप्या घट्ट झाल्या तेव्हा तर मी घरभर दाखवत फिरले.

शेवटच्या तपासणीला आई घरीच राहिली. नवऱ्यानं पोरीला छातीशी बांधलं, वरून जर्किन घातलं, आणि नगरपर्यंतच्या रस्त्यातल्या एकाही खड्ड्यानं ती जागी झाली नाही. सिस्टरनं तिला काट्यावर ठेवलं. मी डोळे मिटून घेतले होते. नवऱ्याचा आवाज आला, "अडीचच्या वर हाय! वर हाय!" त्याला पटेना, त्यानं परत ठेवायला लावलं. दादांना पटेना, त्यांनी परत ठेवायला लावलं. डॉक्टर हसले, "घेऊन जा आता. पेटी विसरा." सिस्टरनं माझ्या नवऱ्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो खोकला. मी त्या दवाखान्याच्या जिन्यावरून उतरले ती निवडणूक जिंकल्यासारखी. गुलाल तेवढा राहिला होता.

आईला फोन केला. ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन कट झाला.

आम्ही पोचलो तेव्हा आई दारात उभी होती, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. गल्लीतल्या बायका ओट्याओट्यावर गोळा झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या बाळावरून भाकरतुकडा ओवाळायचा असतो, म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, "सोडा तिला, माझ्याकडं द्या." त्यानं जर्किनची चेन खाली केली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हलवू नको." ती पायरी उतरून त्याच्यासमोर आली, अगदी समोर, पदर नीट मागं सारला, आणि भाकरतुकडा त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत ओवाळायला लागली. तो गडबडला. "मामी, बाळाची दिष्ट काढायची ना?"

"तिची काढीन मागनं," आई म्हणाली. तिचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा होता. "आदी तुमची काढते. लई बायांनी बघितलंय तुमाला."