पोपटीचं मडकं आणि अण्णांच्या गोळ्या

एका रविवारी दुपारी मी माझ्या सासुरवाडीच्या तीन माणसांवर विषप्रयोग केला आहे, असं मला साधारण पाऊण तास वाटत होतं. त्यातली पहिली पाच मिनिटं मी पळून जाण्याचा विचार करत होतो. पण कोलाडला गाडी किती वाजता थांबते ते आठवेना!

सुरुवात अण्णांच्या ऑपरेशनपासून झाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, ठणठणीत बरे होऊन बहिणीकडे ठाण्याला गेले आणि मागे ठेवून गेले पत्र्याचा डबा भरून गोळ्या. डॉक्टर दर भेटीला जुन्या बंद करून नव्या देत, आणि बंद झालेल्या मी डब्यात साठवत असे.

"टाकून द्या ना त्या," माझी बायको सुलभा म्हणायची.

"अगं, चांगल्या आहेत! कधी कुणाला लागतील." (आमच्या घरात मोडक्या छत्रीची काडीसुद्धा टाकली जात नाही. ती टाकायची नाही हे ठरवणारा मीच.)

आणि लागल्या की! शेजारच्या काशीकाकींचा गुडघा दुखत होता. मी मोठ्या मनाने डब्यातली एक पांढरी गोळी दिली. माझ्या आठवणीप्रमाणे ती दुखण्याची होती. प्रत्यक्षात ती लघवी होण्याची निघाली! काकी त्या दिवशी नदीपलीकडच्या अष्टमी गावी साखरपुड्याला निघाल्या होत्या. पूल लागेपर्यंत त्यांनी रिक्षा दोनदा थांबवली, आणि ऐन पुलावर तिसऱ्यांदा थांबवायला सांगितली तेव्हा रिक्षावाल्याने हात जोडले.

"नशीब समजा लघवीवर भागलं," सुलभा म्हणाली. "हार्टची असती तर? म्हातारी पुलावरच आडवी झाली असती!"

शनिवारी सकाळी मी डबा घेऊन रोह्याच्या बाजारातल्या मेडिकलवाल्याकडे गेलो.

"परत घेता का?"

"नाय हो. मोठ्या हॉस्पिटलात कुठं घेत असले तर विचारा. नाय तर पाकिटातून काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, तोंड गच्च बंद करा आणि वर मोठ्या अक्षरात 'औषधं' असं लिहून घंटागाडीत द्या. आणि मोरीत ओतू नका, सगळं नदीला जातं."

घरी आलो तर सुलभा म्हणाली, "माझा एकही डबा त्या गोळ्यांना मिळणार नाय." म्हणून मी मागच्या पडवीतलं गेल्या वर्षी पोपटीच्या शेंगा जाळात भाजून काळंकुट्ट झालेलं मडकं घेतलं. त्यात गोळ्या आणि चोथा कालवला, तोंडात मूठभर पाला कोंबला आणि मडकं पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. घंटागाडी सोमवारी येणार होती. मेडिकलवाल्याने चार गोष्टी सांगितल्या होत्या, मी तीन केल्या. वर लिहिलं मात्र नाही. पेन सापडेना!

रविवारी पेणच्या खारेपाटातून सासरे, सासूबाई आणि मेव्हणा नरेश आले. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, म्हणजे पोपटी लावायचीच. मागच्या शेतात सगळे जमले आणि मला लगेच पिटाळण्यात आलं.

"जावईबापू, तुम्ही जाडं मीठ आना," सासरे म्हणाले. (गेल्या वर्षी मी पेंढा पेटवताना स्वतःचा पायजमा पेटवला होता. तेव्हापासून माझ्याकडे मीठ असतं.)

मी परत आलो तेव्हा मडकं उपडं होऊन भोवती जाळ धडधडत होता. तासाभराने पाटीत पोपटी ओतली गेली. शेंगा, बटाटे, अंडी, मसाल्याचं चिकन आणि भांबुर्डीच्या पाल्याचा तो वास! सगळे तुटून पडले. मी तर पेणच्या तिघांना मागे टाकलं.

हात धुवायला पडवीत गेलो आणि कोपऱ्यात बघितलं. कोपरा रिकामा!

मी आत जाऊन, शक्य तितक्या सहज आवाजात, सुलभाला विचारलं, "पडवीतलं मडकं कुठाय गं?"

"कुठं असनार? धुतलं आणि बाबांना दिलं. आता जाळात बसलं होतं ते काय होतं मग?"

धुतलं! पण मातीचं मडकं पाण्याने धुतलं तरी आत जे मुरलं ते मुरलंच की! आणि खरं सांगायचं तर सासऱ्यांसमोर काय सांगणार? "मामा, तुम्ही आत्ता जे चिकन खाल्लंत, ते अण्णांच्या गोळ्यांच्या मडक्यात शिजलं होतं"? सतरा वर्षांचा जावईपणा एका वाक्यात संपला असता!

मी बाहेर आलो आणि तिघांवर नजर ठेवून बसलो. सासरे खाटेवर आडवे होऊन घोरत होते. (झोपेची! डब्यात झोपेची होती!) सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "माजं डोकं गरगरतंय गो सुलभे." (बीपीची!) आणि नरेश दहा मिनिटांत दुसऱ्यांदा बांधाकडे निघाला होता. ती गोळी तर मला चांगलीच परिचयाची होती!

"मामा, उठा!" मी सासऱ्यांना गदागदा हलवलं.

"काय हो? आग लागली काय?"

"नाही, सरबत घ्या."

"आता? पोटात बोट शिरायला जागा नाय!"

तरी मी पाजलं. सासूबाईंना चमचाभर साखर खायला लावली. नरेशची नाडी धरून बसलो.

"भावजी, हात सोडा ना, लोकं बघतायत."

सासरे पुन्हा आडवे झाले. मी त्यांना चिमटा काढला. एकदा, मग दुसऱ्यांदा जरा मोठा. त्यांनी एक डोळा उघडला आणि लेकीला हाक मारली, "सुलभे, ह्यांना काय झालंय गो? सकाळपास्ना चांगले होते."

आता माझंही डोकं गरगरायला लागलं होतं, छाती धडधडत होती. सगळ्यांत जास्त मीच खाल्लं होतं! मी उभा राहिलो आणि जाहीर केलं, "चला, रोह्याला डॉक्टरांकडे फुकट बीपी तपासतायत. आत्ताच्या आत्ता!"

फुकट म्हटल्यावर सासरे टुणकन उठले.

नरेशच्या गाडीतून आम्ही पाचजण डॉक्टरांच्या दारात पोचलो. दवाखाना बंद होता, डॉक्टर वरच राहतात. ते लुंगीवर खाली आले आणि म्हणाले, "कसलं फुकट?"

तिथे माझा धीर सुटला. मी सगळं भडाभडा ओकलो. गोळ्या, चोथा, मडकं, चिकन. आवाज इतका चिरकला की मला माझीच कीव आली. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. नरेश भिंतीला टेकला.

डॉक्टर सुलभाला म्हणाले, "पोपटी कुठल्या मडक्यात लावलीत?"

"बाबांनी आनलेल्या. नव्या," सुलभा शांतपणे म्हणाली. "पडवीत ठेवलं होतं, ते मी धुवून दिलं. ह्यांचं काळं मडकं मी सकाळीच उचललं. चहाचा चोथा आणि त्यात रंगीबेरंगी गोळ्या, न लिहिता ठेवलेलं! कोणी हात लावेल म्हणून माळ्यावर टाकलं आणि कोळशाने वर 'विष' लिहिलं."

"रोह्याची मडकी जाळात तडकतात," सासरे डॉक्टरांना समजावू लागले. "म्हनून आमी पेनचंच आनतो." मग सावकाश माझ्याकडे वळले. "म्हंजी तुम्ही मला चिमटे काढत होतात ते..."

"मेलात का ते बघत होते, बाबा," सुलभा म्हणाली.

डॉक्टरांनी तरी सगळ्यांना तपासलं. सासऱ्यांचं बीपी उत्तम. सासूबाईंना उन्हाचं गरगरलं होतं. नरेश तीन तांबे ताक प्यायला होता. शेवटी पट्टा माझ्या दंडाला बांधला गेला. डॉक्टरांनी यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत यंत्राकडे बघितलं आणि म्हणाले, "पाचांत पेशंट एकच आहे. झोपा इथे!"

आता पेणला गेलो की सासुरवाडीत माझा मान फार वाढला आहे. पोपटी असो, भाकरी असो, पहिलं ताट जावयालाच! मी पोटभर जेवतो. बाकीचे समोर बसून असतात, आणि सासरे घड्याळात अर्धा तास मोजून झाला की म्हणतात, "हाय जिता. वाढा आता सगळ्यांना."