शिक्षा म्हणजे पढाई नव्हे

श्रीदा गेल्याचं मला ग्वाल्हेरला हजीऱ्याच्या बाजारात कळलं. मी आमच्या संघटनेचे पर्चे, म्हणजे पत्रकं, वाटत होते. फोनवर त्याचा थोरला भाऊ मनोहर म्हणाला, "श्रीरंग नहीं रहा," आणि त्याच दमात, जणू तेही बातमीतच येत होतं, "ते तिसऱ्या किताबचं आता राहू दे." कावीळ झाली होती. चाळिशीही उलटली नव्हती. त्यानंतर भेटेल तो मला सांगतो आहे, श्रीरंग किती शांत होता, किती निगर्वी. असेल. मला त्याचं अडलेलं काम दिसतं आणि राग येतो... मग रागही टिकत नाही, नुसतं वाईट वाटत राहतं.

नात्यानं तो माझा कुणी नव्हता. आमच्या पर्च्यांवरची चित्रं काढून द्यायचा, फुकट. टोपी बाजारात एका दुकानावरच्या खोलीत त्याचं काम चाले. जिन्यात माझी चप्पल वाजली की आतून आवाज यायचा, "आ गई पर्चेवाली. आज किसकी पगड़ी उछालनी है?" त्याचं वाक्य मराठीत चढायचं आणि हिंदीत उतरायचं. माझंही तसंच होतं. पण मी पत्रकं लिहून लिहून मराठी घासून घेतली, त्याला ती कधी गरजेची वाटली नाही. चित्रांवर त्याचं भागत होतं.

त्याची भुतांची चित्रकादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. संस्थान विलीन झालं, जुनी खाती मोडली, आणि त्या खात्यांतले मेलेले कारकून भुतं होऊन दाना ओली मोहल्ल्यात श्रीदाच्याच घराच्या वरच्या खोलीत जमू लागले. कुणाला तोंडाच्या जागी लाखेचा शिक्का, कुणाची बोटंच बोरूची. ही भुतं तारा नावाच्या मुलीला नाना विद्या शिकवतात. तारा ही श्रीदाची खरीखुरी आत्या, त्याच्या जन्माआधीच वारलेली. तिच्याविषयी घरात एकच वाक्य बोललं जाई, तेही हळू आवाजात: ताराची शिक्षा वरच्या खोलीत झाली. श्रीदा हिंदी शाळेत शिकलेला. त्याच्या लेखी शिक्षा म्हणजे पढाई. त्या काळी मुलीला घरात शिकवण्याची सोय करणारे आजोबा, याचा त्याला केवढा अभिमान! पहिला भाग त्यानं त्यांनाच अर्पण केला.

दुसरा भाग छापून आला तेव्हा तो सुमनआत्यांना द्यायला निघाला आणि मला बरोबर घेतलं. सुमनआत्या म्हणजे ताराची धाकटी बहीण, त्याच घरात मनोहरकडे राहतात. मोतीबिंदूमुळे पहिला भाग त्यांनी पाहिलाच नव्हता. आता नवा चष्मा होता. शिक्क्याच्या तोंडाचं भूत पाहून त्या हसल्या, हा तर आमच्या शेजारचा जमिनी मोजणारा अमीन, म्हणाल्या. मग पान उलटलं आणि बोट एका चित्रावर थांबलं.

"दार उघडं कसं काढलंस रे? त्याला बाहेरून कडी होती."

"पढाईच्या वेळी कडी कशाला, आत्या?"

"पढाई कसली मेल्या... शिक्षा. सज़ा."

मग त्यांनी सगळं सांगितलं, भाजी निवडता निवडता. तारा सरकारी कचेरीत टंकलेखक होती. राज्यांची फेरमांडणी झाली, ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला निघाल्या, तिलाही जायचा हुकूम आला. तिनं ट्रंक भरली. वडील दरबारातले जुने अंमलदार, त्यांचा स्वतःचा हुद्दा विलीनीकरणात गेलेला. माझी मुलगी परगावी एकटी राहणार नाही, असं म्हणून त्यांनी तिला वर कोंडलं. भोपाळची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली तेव्हा कडी काढली. पण तारा खाली आली नाही. दार उघडं होतं आणि ती आत बसून राहिली... वर्षानुवर्षं, मरेपर्यंत.

श्रीदाच्या एकाही भुतानं मला इतकं घाबरवलं नव्हतं. परतताना श्रीदा म्हणाला, "और मैंने किताब में आजोबा के पैर छुए हैं."

तिसऱ्या भागात खरं सांगायचं, हे त्यानं ठरवलं. मराठी मजकूर मी लिहायचा. माझी पहिली ओळ होती: 'आजोबांनी स्वतःच्या मुलीला जिवंत गाडलं.' त्यानं वाचली, म्हणाला, पर्चा बढ़िया आहे, पण यात तारा कुठाय? मी म्हटलं, आधी आरोपीचं नाव घाल, तारा आपोआप दिसेल. तिकडे मनोहर हटून बसला. त्याच्या मुलीचं लग्न पुण्यात जमत होतं, हे असलं घराणं छापून आलं तर तिकडची माणसं काय म्हणतील. आम्हा दोघांच्या मधे श्रीदा म्हणायचा, आत्या हो म्हणाली तर नाव घालीन. आणि आत्याला विचारायचं मात्र त्याला धाडस होईना. या वयात बापाविरुद्ध बोलायला लावायचं का तिला? मनोहर म्हणे, तिला त्रास नको. श्रीदा म्हणे, तिला दुखवायला नको. मी मनोहरशी भांडत होते. आणि आत्या खाली स्वयंपाकघरात बसून होत्या, कुणी विचारील म्हणून.

तेरावा झाल्यावर मनोहर श्रीदाची खोली रिकामी करायला निघाला, तेव्हा सुमनआत्यांनी मला बोलावून घेतलं. टोपी बाजारचा तो जिना आत्या भिंतीला हात लावत चढल्या. मनोहर तिसऱ्या भागाच्या चित्रांचा गठ्ठा सुतळीनं बांधत होता. सगळी पानं पूर्ण होती. फक्त बोलण्याचे फुगे कोरे.

"हे छापायचंय," आत्या म्हणाल्या.

आजोबांचं नाव खराब होईल, मनोहर म्हणाला.

"तुझे आजोबा होते. माझे वडील होते. कडी त्यांनी लावली, मी पाहिलंय. लिही गं, नावानिशी लिही. माझं नाव घालून लिही."

मनोहरनं सुतळी सोडली. श्रीदाला एवढंच वाक्य हवं होतं. विचारलं असतं तर त्याच दिवशी मिळालं असतं...

शेवटच्या पानावर जिना आहे. वर उघडं दार, आत काळोख. खाली परकरातली एक मुलगी मान वर करून उभी आहे आणि तिच्या तोंडाशी कोरा फुगा. आत्यांनी स्वतःला ओळखलं. इथे काय लिहू, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ताराचं ताट वर जायचं. तिला हाक मारायची आम्हाला मनाई होती. मनाई उठली तोवर हाक मारायची सवयच गेली होती.

"लिही... ताई, पान वाढलंय."

मी श्रीदाच्याच पेनानं लिहिलं. तो फुगे नेहमी गरजेपेक्षा मोठे काढायचा. माणूस काय बोलेल कुणास ठाऊक, म्हणायचा, जागा हवी. ते शब्द मधोमध बसले, आणि भोवती बरीच पांढरी जागा उरली.