किनुएसाननी ढोल बांधून ठेवला तेव्हा

आमच्या ताकामात्सुमध्ये आदल्या दिवशी बगळे जिंकले की हरले, हे कळायला पेपर लागत नाही. सकाळी किनुएसानच्या दुकानात जाऊन वाडगाभर उदोन खाल्लं की झालं. उदोनच्या जाड शेवयांची कणीक आमच्याकडे नुसती हातानं मळून भागत नाही, जाड कापडात गुंडाळून ती पायांनी तुडवावी लागते. बगळे जिंकलेले असले की किनुएसान त्या कणकेवर अशा हलक्या पायांनी फिरतात की शेवया मऊ, लुसलुशीत होतात. हरले की त्यांच्या टाचा अशा पडतात की शेजारी माझ्या सलूनमधला आरसा थरथरतो. मग त्या शेवया खाताना जबड्याला चांगला व्यायाम होतो. आणि गंमत म्हणजे आमच्या गावाला उदोन चिवटच आवडतं.

बगळे म्हणजे आमचा बेसबॉलचा संघ. त्या उन्हाळ्यात ते जे हरत सुटले ते थांबेचनात, आणि किनुएसानच्या दुकानासमोरची रांग माझ्या दारापर्यंत येऊन पोचली. फेरीबोटीवर तिकिटं तपासणारा एक गृहस्थ रोज यायचा. एके दिवशी तोंडातला घास सांभाळत तो म्हणाला, "मावशी, बगळ्यांचं हे असंच चालू राहू दे बरं का. काय उदोन झालंय."

किनुएसाननी त्याच्या समोरचा वाडगा उचलला. "तू पुढच्या चौकातल्या दुकानात जात जा," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिथल्या बाईला बेसबॉल कळत नाही. तिच्या शेवया तोंडात घालायच्या आधीच विरघळतात. तुला तेच बरं."

बाई साठी उलटलेल्या, उंचीनं माझ्या खांद्याला लागणाऱ्या. नवरा मासाहारु भला माणूस, बेसबॉल सुरू झाला की त्याला झोप लागते. त्याला आवड नाही म्हणूनच संसार टिकला, नाहीतर दोघांनी मिळून टीव्ही फोडला असता, असं किनुएसान उघड सांगतात. उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये आमचं जे पथक बसतं, त्याचा मोठा ढोल गेली वीसेक वर्षं त्यांच्याकडे आहे. मी ट्रम्पेट वाजवतो. आमचा गडी बॅटिंगला आला की आम्ही वाजवायचं, समोरचा आला की समोरच्यांनी. एकानं वाजवायचं तेव्हा दुसऱ्यानं गप्प राहायचं, ही रीत कुणी मोडत नाही. प्रत्येक गड्याचं वेगळं गाणं असतं, आणि आमची निम्मी गाणी किनुएसाननी कणीक तुडवता तुडवता रचलेली आहेत.

एक गाणं हानावाचं. हा आमचा राखीव कॅचर. म्हणजे मुख्य कॅचर ठणठणीत असेल तोवर यानं बाकावर बसून राहायचं. केस पांढरे व्हायला लागलेत, ते मीच कापतो म्हणून मला माहीत. या मोसमानंतर क्लब त्याला नारळ देणार अशी कुजबुज होती. वर्षाला चार-दोन वेळा त्याला बॅट हातात मिळायची. तेव्हा हा प्राणी काय करायचा, तर रेघांच्या चौकटीबाहेर थांबून उजव्या स्टँडकडे बघायचा. ढोलाचा पहिला ठोका पडला की मगच आत पाऊल टाकायचा.

तर, त्या हरण्यात एक दिवस असा आला की बगळे नऊ इनिंगमध्ये एकही धाव न करता परतले. आम्ही मात्र नऊच्या नऊ इनिंग घसा आणि हात फोडून घेतले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी उदोन संपल्यावर किनुएसाननी पथकाला दुकानात बोलावलं आणि खुर्चीवर न बसता सरळ मुद्द्याला हात घातला.

"रविवारी वाजवायचं नाही," त्या म्हणाल्या. "ढोल नाही, ट्रम्पेट नाही, टाळी नाही. बगळे जिंकेपर्यंत तोंड शिवायचं."

मी म्हटलं, "किनुएसान, पेशंट बरा होत नाही म्हणून कुणी औषध बंद करतं का?"

"औषध कसलं, कुबोता? आपण त्यांना अंगाई म्हणतोय. ते आउट होतात, आपण गातो. ते चेंडू सोडतात, आपण गातो. साहेबांना वाटतंय सगळं उत्तम चाललंय."

"मग ओरडून सांगू त्यांना."

"कसं सांगणार?" त्यांनी आपल्या दंडावरची पथकाची पट्टी माझ्या नाकासमोर धरली. "ही बांधली की खेळाडूला वाकडा शब्द बोलायचा नाही. साधा प्रेक्षक शिव्या घालतो, मोकळा होतो, घरी जाऊन जेवतो. आपल्याला ती सोय नाही. आपल्या हातात गप्प बसणं तेवढं आहे. तेवढं तरी नीट करू."

मी विरोधात मत दिलं. माझं एकट्याचंच होतं. किनुएसाननी लगेच नियमही केला, की जो पहिला मौन मोडेल त्यानं पट्टी काढून पथकाला परत द्यायची, कायमची. पट्टी गेली की ढोल गेला, ट्रम्पेट गेला, हे सांगायची गरज नव्हती. आमच्यातली चिनात्सु, दातांच्या दवाखान्यात काम करते आणि छोटा ढोल वाजवते, ती हळूच म्हणाली, "कायमची जरा जास्त होतंय, मावशी."

"जास्त नसेल तर पाळणार कोण?" किनुएसान म्हणाल्या.

रविवारी सामना ओकायामाशी होता. समुद्रापलीकडचे हे शेजारी म्हणजे आमचं जुनं दुखणं. त्यांच्या पथकाचा म्होरक्या हिराकावा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा आडदांड माणूस. किनुएसानचं आणि त्याचं इतक्या वर्षांत एकदाही सरळ बोलणं झालेलं नाही. गेटपाशी त्यानं बघितलं, की आमचा मोठा ढोल कापडात गुंडाळून दोरीनं करकचून बांधलेला आहे.

"काय किनुएसान, आजारी पडला का हो तो? की बगळ्यांचा खेळ बघून त्यानंच डोळ्यांवर कापड ओढलं?"

"तुमच्या कानांना आराम म्हणून बांधलाय, हिराकावासान. इंजिनांपायी आधीच निम्मे गेलेत."

सामना सुरू झाला. आमचा पहिला गडी बॅट घेऊन आला आणि सवयीनं मान डोलवत उभा राहिला. काहीच वाजलं नाही. मी आयुष्यात इतकं शांत स्टेडियम ऐकलेलं नव्हतं. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. बाकावरचे खेळाडू एकामागून एक मान बाहेर काढून आमच्याकडे बघायला लागले. किनुएसान हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"ऐकू दे," त्या म्हणाल्या. "स्वतःचा खेळ कसा वाजतो ते जरा ऐकू दे."

खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं, आणि मलाही थोडंफार. इतके दिवस पोटात साठलेला राग कुठेतरी पोचतोय असं वाटत होतं. तरीही बगळे दोन धावांनी मागे पडलेच. तेवढ्यात मधल्या इनिंगमध्ये आमच्या मुख्य कॅचरच्या बोटावर चेंडू बसला, त्याला आत नेलं, आणि बाकाच्या टोकावरून हानावा उठला. हेल्मेट डोक्यावर बसवत तो धावत मैदानात गेला. किनुएसानच्या हाताची घडी सुटली.

आठव्या इनिंगमध्ये त्याची बॅटिंग आली. दोघे आउट, एक गडी दुसऱ्या तळावर. हानावा चालत आला, चौकटीबाहेर थांबला आणि त्यानं उजव्या स्टँडकडे बघितलं.

आम्ही पन्नास-साठ माणसं ढिम्म. चिनात्सुनं डोळे मिटून घेतले. मी ट्रम्पेट मांडीवर दाबून धरला होता. हानावा थांबला. पंचानं हातानं खूण केली, चल, आत ये. त्यानं बुटानं माती सारखी केली आणि पुन्हा एकदा वर बघितलं. हा कदाचित शेवटचाच डाव, हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही. मला किनुएसानचा राग आला, अगदी मनापासून आला. त्यांच्याकडे वळून काहीतरी बोलणार, इतक्यात समोरच्या स्टँडमधून गाणं सुरू झालं.

हानावाचं गाणं. आमचं. ओकायामावाले वाजवत होते.

रीत अशी की आपला गडी नसेल तेव्हा गप्प राहायचं. पण एखादा जुना माणूस निरोप घेत असेल तर समोरच्यांनी त्याच्यासाठी वाजवायचं, हीसुद्धा आमच्याकडची रीतच. हिराकावानं आमच्या गप्प बसण्याकडे बघून परस्पर ठरवून टाकलं होतं, की या माणसाला निरोप द्यायला कुणी नाही, तर आपण देऊ. त्याचं ते आडदांड शरीर ढोलामागे हलताना दिसत होतं. चिडवणं नव्हतं त्यात. चिडवणं असतं तर बरं झालं असतं.

"ठेका चुकतोय," किनुएसान म्हणाल्या.

"काय?"

"संथ घेतलंय त्यानं. मयताला वाजवतात तसं." त्या उठून उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद झाला होता. "हा माणूस जिवंत आहे. आणि आमचा आहे."

"मावशी, पट्टी," चिनात्सु म्हणाली.

दोरी करकचून बांधलेली, आणि बांधणाऱ्याही त्याच. गाठ सुटेना. किनुएसाननी नाद सोडला आणि कापडासकट ढोलावर टिपरू हाणलं. कापडातून आवाज आला तो दबका, पण ठेका बरोबर होता, भरभर, पायाखालची कणीक पळून चालल्यासारखा. मौन पहिल्यांदा बाईंनी मोडलं होतं, आता बाकीच्यांच्या पट्ट्यांना धोका नव्हता. असा विचार मी केला म्हणणं खोटं होईल. ट्रम्पेट ओठाला कधी लागला तेच कळलं नाही. सगळा उजवा स्टँड उठला. समोरून हिराकावानं एक हात वर केला आणि त्याचं पथक जागच्या जागी थांबलं.

हानावानं आत पाऊल टाकलं आणि पहिल्याच चेंडूला बॅट घातली. चेंडू जमिनीवरून सरपटत गेला. त्याचे ते जुने गुडघे जिवाच्या आकांतानं पळाले, शेवटी तो पोटावर पडून तळापर्यंत घसरला. पंचानं मूठ वर केली. आउट, वीतभरानं.

पुढे काही झालं नाही. बगळे हरले.

सामना संपल्यावर आमच्याकडे हरलेला संघही स्टँडसमोर ओळीनं येऊन वाकतो. ते येत होते तोवर किनुएसाननी दंडावरची पट्टी सोडली. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. नियम रद्द करू, मत घेऊ, ढोल बांधलेलाच होता म्हणजे मौन मोडलं असं म्हणताच येत नाही, असं काहीबाही. चिनात्सुच्या डोळ्यांत पाणी होतं.

"गप्प बसा," किनुएसान म्हणाल्या. "नियम मी केला, मोडला मी. उद्यापासून मोठा ढोल चिनात्सुकडे. टिपरू सैल धरायचं, घट्ट धरलं की मनगट जातं." त्यांनी पट्टीची घडी करून तिच्या हातात ठेवली. मला वाटलं, आता बाई मुकाट्यानं घरी जातील आणि उद्या माझा आरसा फुटेल.

त्या पायऱ्या उतरून थेट खालच्या कठड्यापाशी गेल्या. खेळाडू ओळीनं उभे होते, टोप्या हातात, माना खाली. सगळं स्टेडियम पुन्हा गप्प झालेलं.

"माना वर करा," किनुएसान म्हणाल्या. म्हणाल्या कसल्या, भर बाजारात हाक मारावी तसा आवाज लावला. "वर करा म्हटलं ना. माझ्या दंडावर आता पट्टी नाही, मला बोलता येतं. शॉर्टस्टॉप, तू चेंडूला घाबरतोस. कॅप्टन, तू बॅटिंग करताना डोळे मिटतोस, मला इतक्या लांबून दिसतं. आणि हानावा, पहिला चेंडू सोडायचा होता, गाढवा. कसली घाई झाली होती तुला?"

हानावाच्या छातीवर घसरल्याची माती तशीच होती. तो म्हणाला, "चुकलं, मावशी."

"चुकलंच. मी चिडलेय. एवढी मी माझ्या नवऱ्यावरही कधी चिडले नाही." त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. "मंगळवारच्या सामन्याला मी येणार आहे. तुम्हीही या."